थंड हवेतून ऊब: हीट पंपाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आणि एक चुकलेला प्रश्न

१/
युरोपातील अनेक घरांच्या भिंतींबाहेर आता एक पांढरी पेटी दिसू लागली आहे. दिसायला ती भारतातील स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटसारखीच असते: जाळीआड फिरणारा मोठा पंखा आणि भिंतीतून आत गेलेल्या दोन नळ्या. काम मात्र उलटे. डिसेंबरच्या कडाक्यात ही पेटी बाहेरची गारठलेली हवा ओढते, तिच्यातील उष्णता काढून घरात पोहोचवते आणि अधिकच गार झालेली हवा बाहेर सोडून देते. या यंत्राचे नाव हीट पंप. लंडन, म्युनिक किंवा स्टॉकहोम येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही जुना गॅस बॉयलर बदलताना आता या पेटीचा विचार करावा लागतो.

२/
या पेटीवरून तिकडे कडाक्याचे राजकीय वाद झाले आहेत. एका पक्षाच्या मते हे नवखे, पुरेसे न पारखलेले आणि सरकारने जनतेवर लादलेले तंत्र आहे. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, तंत्र जुनेच होते, पण कोळसा आणि तेल विकणाऱ्यांनी ते दडपून ठेवले. इतिहास यांपैकी एकाच्याही बाजूने साक्ष देत नाही. या यंत्राचा सिद्धांत १८५२ मध्ये मांडला गेला, राहत्या घरातील प्रयोग १९२० च्या दशकात झाला आणि १९३८ मध्ये एका नगरगृहाचे सभागृह त्यावर तापू लागले. यंत्र कोणी लपवले नाही. ते चालले, उपयोगी पडले आणि तरीही पुन्हा पुन्हा बाजूला ठेवले गेले.

३/
इतिहासप्रेमींच्या चर्चांत "शोध कोणी लावला?" हा प्रश्न फार लाडका असतो. हीट पंपाच्या बाबतीत तो जवळजवळ निरुपयोगी आहे. येथे खरा प्रश्न असा, की जे यंत्र चालत होते, ते लोकांनी का सोडले? त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी यंत्र चालते कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण "थंड हवेत उष्णता कुठून आली?" ही शंका अगदी स्वाभाविक आहे.

४/
शून्य अंश सेल्सिअस म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे. तो केवळ पाणी गोठण्याचा बिंदू आहे. उष्णतेचा खरा तळ उणे २७३ अंशांवर आहे. त्या तळापासून मोजले, तर हिवाळ्यातील शून्य अंशाची हवा आणि घरातील वीस अंशांची हवा यांत फरक फारच थोडा. उष्णता बाहेर मुबलक आहे. अडचण एवढीच, की ती आपणहून गारव्याकडून उबेकडे जात नाही, जसे विहिरीतील पाणी आपणहून काठावर येत नाही. ते उपसावे लागते. पंप पाणी निर्माण करत नाही, असलेले पाणी वर चढवतो. 'हीट पंप' हे नाव म्हणूनच अगदी चपखल आहे.

५/
उपसा कसा होतो, हे कळण्यासाठी घरातील तीन अनुभव पुरेत. उन्हाळ्यात माठातील पाणी गार होते, कारण बाहेर झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, कारण दाबलेला वायू तापतो. आणि कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, कारण दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. माठ, सायकलचा पंप आणि कुकर यांना एका बंद नळीत गोलाकार जोडले, की हीट पंप तयार होतो.

६/
त्या नळीत पाण्याऐवजी असा पदार्थ असतो, जो कडाक्याच्या थंडीतही उकळतो. प्रोपेनचे उदाहरण घेता येईल. साध्या वातावरणीय दाबाला तो उणे ४२ अंशांवरच उकळतो. बाहेरच्या पेटीतील नळ्यांत असा शीतक कमी दाबाखाली ठेवला, की उणे पाच अंशांची हवासुद्धा त्याला 'चूल' ठरते. हवेतील उष्णता घेऊन त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो आणि ती तापते. मग ती घराच्या बाजूच्या नळ्यांत जाते. वातावरणाच्या सुमारे पंधरापट दाबाखाली हाच प्रोपेन ४५ अंशांच्या आसपास पुन्हा द्रव होतो आणि वाफ होताना घेतलेली सगळी उष्णता तेथे सोडतो. ती घेऊन रेडिएटरचे किंवा फरशीखालील नळ्यांचे पाणी तापते. शेवटी एका अरुंद झडपेतून दाब उतरतो, शीतक पुन्हा गार होतो आणि फेरा नव्याने सुरू होतो.

७/
स्वयंपाकघरातील फ्रिज हेच करतो. दूध आणि भाजीतील उष्णता उपसून तो मागच्या बाजूने खोलीत टाकतो. फ्रिजच्या मागे हात नेला की ती ऊब लागते. हीट पंप म्हणजे ज्याने साऱ्या बाहेरच्या जगाला आपला 'आतला कप्पा' मानले आहे, असा फ्रिज.

८/
आता हिशेब, कारण पुढचा सगळा इतिहास या हिशेबावर फिरतो. साधा विजेचा हीटर एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतो, त्याहून अधिक नाही. हीट पंप एक युनिट वीज कॉम्प्रेसर फिरवण्यासाठी खर्च करतो आणि हवेतून आणखी दोन युनिटे उपसतो. घराला मिळतात तीन. बाहेर थंडी वाढली की उपसा अधिक खोलवरून करावा लागतो, म्हणून तिपटीची दुपटीच्या आसपास घसरण होते. घरातील पाणी फार कढत हवे असले तरी तेच. म्हणून या यंत्राला ४५ अंशांचे पाणी आणि मोठे रेडिएटर मानवतात, ७० अंशांचे पाणी आणि लहान रेडिएटर मानवत नाहीत. दमट थंडीत बाहेरच्या नळ्यांवर हिम साचते. ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलटे चालते आणि घरातीलच थोडी उष्णता बाहेर नेते. खिडक्यांच्या फटींतून वारा येणाऱ्या घरात, लहान रेडिएटरांवर, घाईने बसवलेला हीट पंप निराशा करतो. टीकाकारांचे हे म्हणणे खरेच आहे.

९/
आता १८२४ कडे. त्या वर्षी सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने उष्णतेपासून काम कसे मिळते, यावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. ते फारसे कोणी वाचले नाही. १८३२ मध्ये पटकीच्या साथीत कार्नो वारला, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. त्याच्या विचारात एक उलटी बाजू दडलेली होती: उष्णता वरून खाली येताना काम देत असेल, तर काम खर्चून ती खालून वर नेता येईल. पुस्तक निघाले त्याच वर्षी बेलफास्टमध्ये विल्यम थॉमसनचा जन्म झाला. पुढे जग त्याला लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखू लागले.

१०/
डिसेंबर १८५२ मध्ये ग्लासगोचा हा अठ्ठावीस वर्षांचा प्राध्यापक थॉमसन एक निबंध घेऊन पुढे आला. मुंबई-ठाणे रेल्वे धावायला तेव्हा चार महिने अवकाश होता. निबंधाचा विषय होता हवेच्या प्रवाहांनी इमारती तापवण्याची किंवा थंड करण्याची काटकसर. त्याच्या कल्पनेतील यंत्रात शीतकही हवाच होती. एका सिलिंडरमध्ये बाहेरची हवा घेऊन ती प्रसरण पावू द्यायची, म्हणजे ती भोवतालापेक्षा गार होईल. मग ती नळ्यांतून बाहेरच्याच हवेच्या सान्निध्यात खेळवायची, म्हणजे भोवतालची उष्णता तिच्यात शिरेल. शेवटी दुसऱ्या सिलिंडरमध्ये ती दाबून मूळ दाबावर आणायची, की उबदार हवा थेट इमारतीत.

११/
थॉमसनने मांडलेला हिशेब आजही दचकवतो. फॅरनहाइट मापाने ५० अंशांची हवा ८० अंशांवर न्यायची असेल, तर आदर्श यंत्राला थेट तापवण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाइतकेच काम पुरते. घर्षण आणि गळती नसलेल्या यंत्राचा हा आकडा आहे. प्रत्यक्षात तो कोणालाही गाठता येत नाही. पण दिशा अचूक होती. कोळसा शेगडीत जाळून मिळणारी ऊब ही कोळशाची उधळपट्टी आहे, हे १८५२ मध्ये गणिताने सिद्ध झाले.

१२/
निबंधातील 'थंड करण्याची' बाजू योगायोगाने आलेली नव्हती. उष्ण प्रदेशांत राहणाऱ्या युरोपीयांच्या खोल्या यंत्राने गार कशा कराव्यात, यावर त्याच सुमारास स्कॉटलंडचा राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ याने योजना मांडली होती. साम्राज्याला चिंता वसाहतींतील उकाड्याची होती, मायदेशातील थंडीची नव्हे. भारतातील गोऱ्या साहेबांसाठी १८३३ पासून थेट बॉस्टनहून जहाजांनी बर्फ कलकत्त्याला येत होता. त्यामुळे पुढील अनेक दशके पैसा आणि बुद्धी ओतली गेली ती उष्णता उपसण्याच्या तंत्राच्या गारव्याच्या टोकावर: बर्फाचे कारखाने, बिअर, गोठवलेले मांस वाहणारी जहाजे. ऊब देणारे टोक ही टाकाऊ बाजू मानली गेली.

१३/
थॉमसनचे यंत्र कोणी बांधले का नाही? यात कोणाचा कट नव्हता. सिलिंडर चालवायचे तर वाफेच्या इंजिनाने, आणि त्या काळचे चांगले इंजिनही कोळशातील उष्णतेचा फार तर दहावा हिस्सा कामात उतरवी. म्हणजे नऊ हिस्से आधीच धुराड्यात. उरलेल्यातून नफा काढण्यासाठी प्रचंड सिलिंडर, त्यांची देखभाल करणारा माणूस आणि सतत पेटता बॉयलर हवा. ग्लासगोमध्ये तर कोळसा अंगणातच होता. शेगडी पेटवणारी मोलकरीणही स्वस्त होती. अशा घरमालकाला उष्णतेची काटकसर शिकवणे म्हणजे कोकणात पावसाळ्यात पाणी विकण्यासारखे होते.

१४/
काटकसर पहिल्यांदा सुचली ती जेथे इंधनाचा खर्च डोळ्यांत खुपत होता तेथे. ऑस्ट्रियातील एबेनझे येथे मिठागरातले पाणी आटवून मीठ काढत आणि त्यासाठी लाकडाचे डोंगर जाळत. पीटर फॉन रिटिंगर या खाण अभियंत्याने १८५० च्या दशकाच्या मध्यास तेथे एक यंत्र उभारले: आटणाऱ्या पाण्याची वाफ दाबून अधिक गरम करायची आणि तिच्याच उष्णतेने पुढचे पाणी आटवायचे. प्रत्यक्ष उभारलेला हा पहिला हीट पंप मानला जातो. यंत्राला मिठाच्या थराने सतावले आणि ते रुळले नाही. १८७० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील बेक्सच्या मिठागराने हीच युक्ती यशस्वी करून दाखवली. घर तापवणे अजून कोणाच्या गणतीत नव्हते.

१५/
घराची पाळी यायला वीज यावी लागली. १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये राष्ट्रीय वीजजाळ्याची उभारणी सुरू झाली. ग्रॅम हाल्डेन हा अभियंता त्याच वर्तुळातला. त्याला एक गोष्ट खटकत होती. वीजकेंद्रात कोळशाच्या उष्णतेचा चौथा-पाचवा हिस्साच विजेत उतरतो. ती वीज साध्या हीटरमध्ये जाळून पुन्हा उष्णता करणे हा निव्वळ वेडेपणा आहे. विजेने घर तापवायचेच असेल, तर तिला उपसा करायला लावले पाहिजे. त्याने स्कॉटलंडमधील आपल्या घरातच हीट पंप बसवला. उष्णतेचा स्रोत म्हणून त्याने बाहेरची हवाही वापरली. १९३० मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने या कामाचा सविस्तर निबंध ठेवला.

१६/
हवेवर चालणारा घरगुती हीट पंप स्कॉटलंडच्या हवामानात शंभर वर्षांपूर्वी चालला होता, ही गोष्ट आजच्या ब्रिटिश वादांत फारशी कोणी काढत नाही. "आमच्या दमट थंडीत हे चालणार नाही" हा दावा ज्या देशात मोठ्याने केला जातो, त्याच देशात ते चालले होते. मात्र हाल्डेनकडे स्वतःचे मोठे घर होते, अभियंत्याचे ज्ञान होते आणि बिघाड झाला तर दुरुस्तीला स्वतःचाच हात होता. सामान्य कुटुंबाकडे यांपैकी काहीच नव्हते. प्रयोग यशस्वी होणे आणि वस्तू बाजारात उभी राहणे, यांतले हे अंतर इतिहासलेखनात फार वेळा गाळले जाते.

१७/
पुढचा टप्पा झुरिकचा. लिमात नदीवर खांबांच्या आधाराने उभे असलेले तेथील नगरगृह सतराव्या शतकाच्या अखेरचे. १९३८ मध्ये त्यातील जुन्या शेगड्या काढून एशर विस या कंपनीचा हीट पंप बसवण्यात आला. तो सुमारे १०० किलोवॉट उष्णता देई, आणि ती येई खालून वाहणाऱ्या नदीच्या गार पाण्यातून. उन्हाळ्यात तेच यंत्र उलटे चालवून सभागृह गार करता येई. स्रोत हवेऐवजी नदी का, याचे कारण साधे आहे. वाहते पाणी कडक हिवाळ्यातही शून्याच्या वर राहते आणि थोड्या पाण्यात पुष्कळ उष्णता असते. हवा मात्र विरळ, तापमान अस्थिर, शिवाय नळ्यांवर हिम. हवेवरचा हीट पंप म्हणूनच धाकटा भाऊ ठरला आणि उशिरा वयात आला.

१८/
स्वित्झर्लंडच का? स्विस लोक अधिक दूरदृष्टीचे होते म्हणून नव्हे. त्यांच्या पर्वतांत धबधबे होते, कोळसा नव्हता. कोळसा परदेशातून येई आणि १९३९ नंतर युद्धाने ती वाट आवळली. झुरिकने मग सार्वजनिक जलतरण तलावासारख्या आणखी ठिकाणी हीट पंप लावले. युद्ध संपले, कोळसा परतला, मागोमाग मध्यपूर्वेचे स्वस्त तेल आले आणि नव्या हीट पंपांची मागणी आटली. नगरगृहातील यंत्र मात्र मुकाट चालत राहिले, सहा दशकांहून अधिक काळ. २००१ मध्ये ते बदलण्यात आले. "ही यंत्रे टिकत नाहीत" म्हणणाऱ्यांनी ते एकदा पाहायला हवे होते.

१९/
तसाच प्रसंग इंग्लंडमध्ये. नॉरिच शहराच्या वीज विभागाचा अभियंता जॉन समनर याने १९४५ मध्ये, युद्धकाळाच्या टंचाईत, मिळतील ते जुने सुटे भाग जमवून विभागाच्या इमारतीसाठी हीट पंप उभारला. शीतक म्हणून सल्फर डायॉक्साइड. स्रोत वेन्सम नदी. एक युनिट विजेला सरासरी तीन युनिटांहून अधिक उष्णता मिळाली. आजच्या कारखान्यातून येणाऱ्या अनेक यंत्रांशी हा आकडा तुलना करण्याजोगा आहे, आणि तो भंगारातून उभ्या केलेल्या यंत्राचा आहे. कौतुक झाले, लेख आले, पण मागे मोठे पाऊल पडले नाही. देशाची सगळी घरबांधणी, चिमण्या, खाणी, खाणकामगारांच्या नोकऱ्या कोळशाभोवती रचलेल्या होत्या.

२०/
१९५१ मध्ये लंडनला थेम्सकाठी रॉयल फेस्टिव्हल हॉल उघडला. युद्धातून सावरणाऱ्या ब्रिटनचे हे शोभेचे दालन. त्यासाठी थेम्सच्या पाण्यातून उष्णता उपसणारा हीट पंप बसवला गेला आणि त्याचे कॉम्प्रेसर स्पिटफायर लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनांतील भागांवरून घडवलेले होते. युद्धाचे यंत्र संगीतसभागृहाला ऊब देणार, ही कल्पना मोठी मोहक होती. यंत्र गरजेपेक्षा फार मोठे निघाले आणि थोड्याच काळात बंद झाले.

२१/
पुढच्याच वर्षी, ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत, त्याच शहरावर कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले. थंडी होती, वारा नव्हता आणि लाखो घरांच्या शेगड्या पेटलेल्या होत्या. सुरुवातीच्या अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. थॉमसनच्या निबंधाला त्या महिन्यात बरोबर शंभर वर्षे झाली होती.

२२/
हीट पंप असते तर हे मृत्यू टळले असते, असे म्हणणे मात्र सैलपणाचे ठरेल. लंडनची वीज तेव्हा कोळशावरच निघे आणि बॅटरसीसारखी वीजकेंद्रे शहरातच धूर सोडत. प्रत्येक घराला हीट पंप पुरवायला लागणारे कॉम्प्रेसर, तारा आणि कारागीर कोणाकडेही नव्हते. एवढेच म्हणता येते, की पर्याय ज्ञात होता, त्याच शहरात नुकताच चालवून पाहिला होता आणि शेगडीत जाळण्यापेक्षा कमी कोळशात तीच ऊब मिळू शकते, हे अभियंत्यांना ठाऊक होते. हे ज्ञान आणि घरमालकाचे बिल यांच्यात कोणताही पूल नव्हता.

२३/
धुक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि शेगड्या हळूहळू विझल्या. त्यांची जागा घेतली ती वायूने. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटनने एक कोटीहून अधिक ग्राहकांच्या घरात माणसे पाठवून शेगड्या, बॉयलर आणि गीझर नव्या वायूला जुळवून घेतले. गल्लीमागून गल्ली, शहरामागून शहर. आज "प्रत्येक घरातील तापवण्याची व्यवस्था बदलणे अशक्य आहे" असे म्हणणाऱ्यांसाठी ही दहा वर्षे मोठी अडचणीची आहेत. ब्रिटनने ते केले होते. राष्ट्रीय कंपनी होती, सरकारची इच्छा होती आणि खर्चाचा बोजा एकेकट्या घरावर टाकलेला नव्हता.

२४/
१९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि किमती चौपट झाल्या. अचानक सगळ्यांना हीट पंप आठवला. पश्चिम जर्मनीत दशकाच्या अखेरीस विक्री उसळली. मग दोन गोष्टी घडल्या. घाईत शिरलेल्या अननुभवी कारागिरांनी चुकीच्या घरात चुकीच्या आकाराची यंत्रे बसवली. ती कुरकुरली, बंद पडली. आणि १९८० च्या दशकात तेल पुन्हा उतरले. बाजार कोसळला. एका पिढीच्या मनात हीट पंप म्हणजे फसवणूक, ही नोंद मात्र पक्की राहिली. वाईट बसवलेले यंत्र आपल्याबरोबर चांगल्या यंत्राचेही नाव घालवते.

२५/
याच काळात दूर जपानमध्ये कामाची गोष्ट शांतपणे पुढे गेली. १९८१ मध्ये तोशिबाने घरगुती एसीत इन्व्हर्टर आणला. त्यापूर्वी कॉम्प्रेसर एक तर पूर्ण वेगाने चाले किंवा थांबे. आता तो गरजेनुसार हळू-जलद फिरू लागला. हवेवरच्या हीट पंपाची जुनी दुखणी यामुळे पुष्कळ कमी झाली, कारण बाहेरचे तापमान तासातासाला बदलते आणि यंत्राला त्याच्याबरोबर बदलावे लागते. भारतातील दुकानांत 'इन्व्हर्टर एसी' म्हणून मिळणारी वस्तू याच घराण्यातली.

२६/
शीतकांचा इतिहास मात्र अभिमानाचा नाही. झुरिकच्या यंत्रातील शीतक क्लोरोफ्लुरोकार्बनांपैकी होते. ते विषारी नव्हते, पेट घेत नव्हते आणि म्हणून देवदत्त वाटले. त्यांनी ओझोनचा थर विरळ केल्याचे पुढे उघड झाले आणि १९८७ च्या माँट्रियल करारात त्यांवर बंधने आली. त्यांच्या जागी आलेले पदार्थ ओझोनला सोडून हवामान तापवू लागले. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे नवी दुरुस्ती करावी लागली. आता युरोप प्रोपेनकडे वळतो आहे. तो पेट घेतो, म्हणून त्याची काळजी वेगळी. ही वस्तू निर्मळ आहे असे सांगणारी जाहिरात या प्रकरणावरून उडी मारून जाते.

२७/
ज्या देशांत हीट पंप खरोखर घरोघरी पोहोचला, ते देश थंडीचेच आहेत. नॉर्वेत निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे तो आहे आणि त्यांतले बहुतेक हवेवरचे. थंड प्रदेशात हे चालत नाही, या समजाला यापुढे काही सांगण्याची गरज नाही. पण नॉर्वेचे कारणही स्विस कारणासारखेच रोकडे आहे. तेथे घरोघरी वायूच्या नळ्या नव्हत्या. लोक जलविद्युतीवर चालणाऱ्या साध्या हीटरांनी घर तापवत. २००२ च्या कोरड्या शरदानंतर जलाशय खाली गेले, विजेचे दर भडकले आणि सरकारने हीट पंपासाठी अनुदान दिले. एका युनिटात तीन युनिटांची ऊब, हा हिशेब तेव्हा प्रत्येक बिलावर दिसू लागला. १९९० च्या आसपास नॉर्डिक देशांनी कार्बनवर कर लावायला सुरुवात केली होती, त्यामुळे तेल पुन्हा स्वस्त होऊन सगळे पुसून टाकण्याची वाट अरुंद झाली. स्वीडनने तर १९८० च्या दशकातील बदनामी ओळखून यंत्रांच्या चाचण्या आणि दर्जा यांवर सरकारी बळ लावले. जर्मनी मोडली तेथे स्वीडन सावरला, तो या कंटाळवाण्या कारकुनी कामामुळे.

२८/
फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, वायूचे दर आकाशाला भिडले आणि त्या वर्षी युरोपात सुमारे ३० लाख हीट पंप विकले गेले. १९३९ आणि १९७३ ची तीच चाल. २०२३ मध्ये वायू उतरू लागला आणि विक्रीही उतरली. त्याच वर्षी जर्मन सरकारने नव्या बॉयलरांवर निर्बंध आणणारा कायदा मांडला, त्यावरून महिनोन्महिने रण माजले आणि सरकारला तो पातळ करावा लागला. कायद्याला विरोध करणाऱ्या सगळ्यांना अडाणी ठरवणारे लेख तेव्हा पुष्कळ निघाले. जुन्या घरात राहणाऱ्या, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या हाती हजारो युरोंचे अंदाजपत्रक पडले, तर त्याची भीती हा अडाणीपणा नव्हे. १९८० च्या दशकातील फसगत त्याने कदाचित शेजारच्याच घरात पाहिलेली असेल.

२९/
ब्रिटनमधील स्थिती तर आणखी विचित्र. तेथे गेली अनेक वर्षे विजेचे एक युनिट वायूच्या एका युनिटाच्या सुमारे चौपट दराने मिळते. हरित धोरणांचा बराचसा खर्च विजेच्या बिलावर चढवलेला असल्यामुळे हा फरक आणखी रुंदावतो. नव्वद टक्के कार्यक्षम बॉयलरच्या तुलनेत बरोबरी साधायची, तर हीट पंपाने वर्षभर सरासरी साडेतीन युनिटांहून अधिक उष्णता द्यायला हवी. चांगल्या घरात, चांगल्या कारागिराच्या हातून ते जमते. साध्या घरात तीनच्या आसपास अडकते आणि बिल कमी होण्याऐवजी वाढते. समनरच्या भंगारातल्या यंत्रानेही १९४५ मध्ये तीनची पायरी ओलांडली होती.